पदवीचं वऱ्हाड

न्यूकॅसल, ६ ऑक्टोबर २०२४

आत्या,

लांबूनच पाया पडते. फोन न करता ईमेल का, तर आपल्या घराण्यात फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कुणाला ऐकूच येत नाही. तुझ्याकडे कोपरला केला तर मेघालीवहिनी आणि केतनदादा कान लावून बसतात. घरी केला तर आई, दिपेश आणि पाणी प्यायला आलेलं अजून कुणीतरी. आणि हे मला फक्त तुला सांगायचंय.

मी पास झाले! डेटा सायन्सची मास्टर्स झाली, मार्कही चांगले आहेत. ११ डिसेंबरला कॉन्व्होकेशन आहे. काळा गाऊन, चौकोनी टोपी, स्टेजवर नाव पुकारणार, सगळं साग्रसंगीत. प्रत्येकाला घरच्यांसाठी दोन खुर्च्या मिळतात. दोनच. मी आई आणि बाबांची नावं देऊन मोकळी झाले. व्हिसासाठी त्या दोघांच्या नावाचं निमंत्रणपत्र युनिव्हर्सिटीने दिलंय, ते सोबत जोडते.

आईचं काही नाही गं, ती विमानाच्या पंखावर बसूनसुद्धा येईल. प्रश्न बाबांचा आहे. मी निघाले तेव्हा एअरपोर्टला आले नाहीत, आणि तेव्हापासून एक शब्द बोललेले नाहीत. आईशी बोलताना मागून त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो तेवढाच. त्यांचा राग मला कळतो. सुपारी फुटलेली, भिवंडीच्या लोकांना जबान दिलेली, आणि मी ऐनवेळी म्हटलं की लग्न नको, शिकायला जाते. भावकीसमोर त्यांची मान खाली गेली. पण मी चुकले असं मला आजही वाटत नाही. आणि त्यांना माझं काहीच वाटत नाही, असंही वाटत नाही.

तू त्यांची मोठी बहीण. कुणाचं ऐकलंच तर तुझं ऐकतात. विचारशील? आणि एक आत्ताच सांगून ठेवते, ते आले नाहीत तर मी स्टेजवर जाणारच नाही. डिग्री काय, पोस्टानेही येते.

तुझी
जागृती

*

कोपर, ९ ऑक्टोबर २०२४

जागृती बाय,

खूप मोठी हो. आणखी मोठी झालीस तर मला दिसायची नाहीस, तरी हो.

तुझं वाचलं आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन चमचाभर साखर तोंडात टाकली. डॉक्टर गेला खड्ड्यात. तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत मी दुसऱ्यांची पोरं शिकवली, आज आपल्या घरातली पोरगी साहेबाच्या देशात पास झाली. डेटा सायन्स म्हणजे काय ते मला कळत नाही, पण भाजीवालीला सांगून आले. तिलाही कळलं नाही. तिने कोथिंबीर जास्त दिली.

आता तुझ्या बापाचं. नवरात्रात तो ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जातो, हे मला ठाऊक. काल मुद्दाम त्याच वेळेला गेले आणि रांगेत त्याच्या पुढ्यात घुसले. पळायला जागाच नव्हती. म्हटलं, "प्रफुल्ल, पोरगी पास झाली."

"ऐकलं," म्हणाला.

"दोन खुर्च्या ठेवल्यात तिने. एक तुझी आहे. व्हिसाचं पत्रही आलंय."

त्यावर साहेब छतावरच्या झुंबरांकडे बघत बसले. मग म्हणतो, "ताई, रांग पुढे सरकली." अस्सा संताप आला ना! पण देवीसमोर पोचल्यावर हात जोडून हा इतका वेळ उभा राहिला, की मागच्या बाया ओरडायला लागल्या. बाहेर आल्यावर चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते पत्र आलंय म्हणतेस, ते दिपेशच्या मोबाईलवर टाक."

टाकलं. आता तू उतावीळ होऊ नकोस. तुझा बाप मोडेल पण वाकणार नाही, आणि तू त्याचीच लेक. मी मधल्या मधे दोघांना सांभाळते आहे, याची जाण ठेव.

तुझी
मालनआत्या

*

न्यूकॅसल, २१ ऑक्टोबर २०२४

आत्या गं,

"पत्र टाक" म्हणाले? स्वतःहून? मी तुझी ती ओळ किती वेळा वाचली असेल, विचारू नकोस.

मला सध्या युनिव्हर्सिटीच्याच ऑफिसात तात्पुरतं काम मिळालंय, तेही कॉन्व्होकेशनचं. हॉलमधे कुणाचे पाहुणे कुठे बसणार ते लावायचं. आत्या, इथे बसून जग कळतं. चीनच्या मुलांचे आईबाप येतात, एकुलतं एक लेकरू, दोन दिवस आधीपासून पायऱ्यांवर फोटो काढणं चाललेलं असतं. इथल्या गोऱ्या पोरांचे आजीआजोबा येतात आणि डब्यातून सँडविच आणतात. नायजेरियाची मंडळी म्हणजे कहर! दोन खुर्च्या दिल्या तर आठ जण येतात, आणि सगळ्यांचे कपडे एकाच कापडाचे. आपल्याकडे हळदीला सगळ्या बाया एकसारख्या साड्या नेसतात ना, अगदी तसं. माझी मैत्रीण फुन्मी लागोसची आहे. तिच्या आईने निळं कापड घेऊन अख्ख्या खानदानाचे कपडे शिवायला टाकलेत. उरलेल्यांना कुठे बसवायचं म्हणून ती रोज माझं डोकं खाते.

आणि आपले? आमच्या युनिव्हर्सिटीत बाहेरून आलेल्यांत सगळ्यात जास्त पोरं आपली, आणि समारंभाला "गैरहजर" ही खूणही सगळ्यात जास्त आपल्याच नावांपुढे. तिकीट परवडत नाही, व्हिसा मिळत नाही, नाहीतर त्या दिवशी कामाची शिफ्ट सुटत नाही. जुलैच्या समारंभाला वारंगळच्या एका मुलाने गाऊन भाड्याने घेतला, हॉलबाहेर फोटो काढला, गाऊन परत केला आणि गोदामात कामाला निघून गेला. घरच्यांना फोटो गेला. त्यांना वाटतंय समारंभ झाला. मीच त्याचा फोटो काढलेला. तो हसत होता आणि मला मात्र रडू येत होतं.

मला तसलं नकोय. मी दोन खुर्च्या तिसऱ्या रांगेत लावून घेतल्यात, थोडी वशिलेबाजी करून. व्हिसाला तीनेक आठवडे लागतात, म्हणून अर्ज लगेच करायला सांग. इथे फार थंडी असते. बाबा सफारी सूटवर येतील, त्यांना आतून गरम कपडे घालायला लाव.

जागृती

*

कोपर, ४ नोव्हेंबर २०२४

जागृती बाय,

दिवाळी झाली. चकल्या मेघालीने केल्या, माझ्यापेक्षा बऱ्या झाल्या, पण हे तिला सांगितलेलं नाही.

काल भाऊबीजेला तुझा बाप आलेला. ओवाळलं, जेवला, पानाचा तुकडा तोंडात टाकला आणि गेला. तब्येत बरी आहे. गावच्या मैदानाची साफसफाई काढली आहे, डिसेंबरात क्रिकेटच्या टूर्नामेंट आहेत ना. हल्ली तो बराच बाहेर असतो. ठाण्याला काय, मुंबईला काय. कामं असतील त्याची.

तुझ्या अर्जाबिर्जाचं मला काही माहीत नाही. तू विचारत जाऊ नकोस, म्हणजे मला उत्तरं शोधावी लागणार नाहीत. देवाच्या मनात असेल तसं होईल.

थंडीत डोक्याला बांधून फिर. शिंका आल्या की ओव्याची पुरचुंडी हुंग.

मालनआत्या

*

न्यूकॅसल, १४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र मला कळलंच नाही. चकल्यांवर चार ओळी आणि बाबांवर नुसतं "कामं असतील". तू अशी कधीपासून बोलायला लागलीस? आईला फोनवर विचारलं तर ती "जेवलीस का"च्या पुढे जात नाही. दिपेश तर सख्खा भाऊ असून मेसेज बघतो आणि मूग गिळून बसतो.

एकच विचारते. त्यांनी अर्ज केलाय की नाही? हो की नाही, एवढंच सांग.

जागृती

*

कोपर, २७ नोव्हेंबर २०२४

जागृती,

उत्तराला उशीर झाला. तुझे आईबाबा येणार नाहीत. जमत नाही. कारण विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

तू स्टेजवर जा. माझी एवढी इच्छा आहे.

आत्या

*

न्यूकॅसल, २८ नोव्हेंबर २०२४

आत्या,

बरं झालं सांगितलंस. एवढे दिवस मीच वेडी. "पत्र टाक" या दोन शब्दांवर मी काय काय रचत गेले! आता कळलं, पत्र हवं होतं ते बघायला, की पोरगी अजून किती नाक वर करून बसली आहे.

किती दिवस राग धरायचा माणसाने? मी पळून नाही गेले, कुणाला फसवलं नाही. लग्नाआधी तोंड उघडलं, हा माझा गुन्हा. भिवंडीचा तो मुलगा पण आता लग्न करून सुखात आहे, आईनेच सांगितलं. सगळे विसरले. बाबा सोडून.

आज ऑफिसात माझ्या नावापुढे मीच खूण केली. गैरहजर. शेजारी बसलेली फुन्मी म्हणाली, तू असं करू शकत नाहीस. मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. त्या दिवशी मी कॅफेत शिफ्ट घेतली आहे. खुर्च्या कुणालाही देऊन टाकीन. तू जा म्हणतेस, पण कुणासाठी जाऊ? अनोळखी लोकांच्या टाळ्या ऐकायला?

तुझ्यावर राग नाही. पण तू पण माझ्याशी सरळ बोलली नाहीस, त्याचं वाईट वाटलं.

जागृती

*

कोपर, २९ नोव्हेंबर २०२४

जागृती,

गाढव आहेस. आणि तुझा बाप तुझ्याहून मोठा गाढव. मला त्याने देवीची शपथ घातलेली, पण देवी माझीही आहे, तिचं मी बघून घेईन. आता नीट वाच.

तुझ्या बापाने अर्ज केलेला. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो गावातल्या राघोकाकांकडे गेला. आपल्या भावकीत तेच वडीलधारे, ठाऊकच आहे तुला. म्हणाला, "काका, जागृतीच्या कॉन्व्होकेशनला इंग्लंडला जायचंय. तुम्ही चला." मग दुसऱ्याकडे गेला, मग तिसऱ्याकडे. करता करता तुझे आईबाप धरून तेरा जण झाले. तेरा, बाय! पदवी घ्यायला वऱ्हाड! मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अरे, खुर्च्या दोन आहेत." तर म्हणे, "ताई, हॉल केवढा मोठा असेल, मागे उभे राहतील. मी एकटा जाऊ न् भावकीला काय सांगू?"

निम्म्यांचे पासपोर्ट थायलंडला जाऊन आलेले, निम्म्यांचे तातडीने काढले. राघोकाकांचा तर जन्मातला पहिला. बोटांचे ठसे द्यायला दोन गाड्या करून मुंबईला गेले, कपाळाला टिळे लावून. एजंटाने तुझ्या त्या एका पत्राच्या झेरॉक्स काढून तेराही अर्जांना लावल्या. पत्रात नावं दोन, पाहुणे तेरा. मंगळवारी सगळ्यांची पाकिटं परत आली. सगळ्यांना नकार, तुझ्या आईबापालाही. लिहिलंय की हे लोक समारंभ झाल्यावर परत जातील, याची आम्हाला खात्री वाटत नाही. राघोकाका म्हणतात, "माझ्या दोन म्हशी कोण बघणार, परत नाय येऊन करू काय?"

मला आधी हसू आलं. मग तुझ्या बापाला खडसावून विचारलं, की बाबा रे, ही अकरा माणसंच का? तुझे मित्र सोडलेस, तुझे मेहुणे सोडलेस, मला सख्ख्या बहिणीलाही विचारलं नाहीस. आधी नुसता खोकला. मग म्हणाला, "ताई, सुपारीच्या दिवशी हेच अकरा जण बसलेले. माझी मान खाली गेली ती यांनी बघितली. माझ्या पोरीचं नाव पुकारतील, तेही यांनीच बघायला पाहिजे होतं."

समजलं का गो? तो तुझ्यावर रागावून घरी बसला नव्हता. तुला मिरवायला निघालेला. आणि आता त्याच अकरा जणांसमोर दुसऱ्यांदा तोंडघशी पडला, म्हणून लपून बसलाय. मला म्हणाला, "तिला सांगू नको. म्हणेल, बापाला साधी रीत कळत नाही."

मी सरळ बोलले नाही हे खरं. आता बोलले. ती खूण पुसायची की ठेवायची ते तू ठरव.

आत्या

*

न्यूकॅसल, ३० नोव्हेंबर २०२४

आत्या,

काल तुझं पत्र बसमधे वाचलं आणि माझा स्टॉप निघून गेला. आधी हसत होते, मग बाजूच्या बाईने टिश्यू काढून दिला. राघोकाका आणि त्यांच्या म्हशी! बोटांचे ठसे द्यायला टिळे लावून! अगं, ते आले असते तर मी त्या सगळ्यांना हॉलच्या मागच्या भिंतीला उभं केलं असतं, नोकरी गेली तरी चाललं असतं.

सव्वा वर्ष मी त्यांच्या खोकल्याचा अर्थ लावत बसलेले. एकदाही बरोबर लागला नाही.

खूण खोडली. गाऊन सांगितला. कॅफेतली शिफ्ट एका नेपाळी मुलाला दिली, त्याला हवीच होती. आईबाबांच्या दोन खुर्च्या मी फुन्मीच्या आईला आणि मावशीला दिल्या. त्यांच्याकडचे सहा जण आलेत आणि चौघांचं घोडं अडलेलं. फुन्मीच्या आईने मला दोन्ही गालांना धरून असं काही हलवलं, की मानेचा खुळखुळा झाला. त्यांना मी सगळं सांगितलं, तेरा जणांचं पण. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुझा बाप बरोबर आहे, माणसं नकोत तर समारंभ कसला!

समारंभ नेटवर थेट दिसतो. लिंक सोबत आहे. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात असतील. बाबांना मला कळलंय ते सांगू नकोस. पण लिंक पोचव.

जागृती

*

कोपर, १२ डिसेंबर २०२४

माझ्या बाय,

काल बघितलं तुला. सगळ्यांनी बघितलं. आता सविस्तर सांगते, कारण हे फोनवर सांगायला गेले तर मला बोलवायचं नाही.

लिंक मी दिपेशला दिली. तो म्हणाला, घरच्या टीव्हीवर लावू. तुझ्या बापाने ऐकलं आणि म्हणाला, "घरात नाय. मैदानात लाव." टूर्नामेंटसाठी मोठा एलईडी पडदा उभा केलेलाच आहे. कालची मॅच साडेसहाला आटोपती घेतली. मी केतनला घेऊन शीळफाट्याच्या त्या ट्रॅफिकमधून कशीबशी पोचले, तर मैदानात दोनशे खुर्च्या! पुढच्या रांगेत ते अकरा जण, मधे राघोकाका, मफलर गुंडाळून. तुझी आई शालन नवी साडी नेसून. मॅचची कॉमेंट्री करतो तो गोविंदा माइक सोडायला तयार नाही. चिनी पोरं आली की, "मंडळी, चायनाची टीम किती शिस्तीत चाललीय बघा!" नायजेरियाचा एक जण स्टेजवर नाचतच आला, तर हा ओरडतो, "काय कॉन्फिडन्स, काय कॉन्फिडन्स!" आपल्याकडची पोरं यायला लागली तसा त्याने मला विचारलं, "टीचर, ही सगळी एवढ्या घाईघाईत का चालतात?" मी म्हटलं, कामावर जायचं असेल. लोक हसले. मी काही गंमत केलेली नव्हती.

तुझं नाव त्या साहेबाने असं काही घेतलं की कुणाला पत्ताच लागला नाही. तुझ्या आईने तुला चालीवरून ओळखलं. "आली!" म्हणून ओरडली. आणि जागृती, तुझा बाप उभा राहिला. सगळे बसलेले, हा एकटा उभा, हात जोडून, देवीसमोर राहतो तसा. मग राघोकाका काठी टेकत उठले. मग ते दहाही उठले. मागे बघते तर सगळं मैदान उभं.

आणि तेवढ्यात पडद्यावर तुझ्याकडचे लोक दिसले. निळ्या कपड्यातल्या दोन जाडजूड बायका उभ्या राहून हात वर करून नुसत्या ओरडत होत्या. तुझ्या बापाने मला विचारलं, "ताई, या कोण?"

म्हटलं, "तुझ्या आणि शालनच्या खुर्चीवर त्यांना बसवलंय पोरीने."

"आपल्या पोरीसाठी उभ्या राहिल्यात," एवढं बोलला आणि पडद्याच्या मागे निघून गेला. मी गेले बघायला. तिथे जनरेटरच्या आवाजात तो हमसून हमसून रडत होता. आमची आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना बघितलेलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग मीच बोलून टाकलं, की तिला सगळं माहीत आहे, मी सांगितलं. रागावला नाही. नुसता नाक पुसत म्हणाला, "मग काय म्हणाली?"

म्हटलं, "तूच विचार."

आत्या

*

न्यूकॅसल, १४ डिसेंबर २०२४

आत्या,

मला काही माहीतच नव्हतं! दिपेशने काल व्हिडिओ पाठवला. मैदान बघून मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत सुटले. माझ्या साहेबबाईंनी विचारलं, हे स्टेडियम तुझ्यासाठी भरलेलं? मी सरळ हो म्हटलं.

खरं सांगू? स्टेजवर चढताना खाली बघायचं नाही असं ठरवलेलं, कारण तिसऱ्या रांगेत आई नसणार, बाबा नसणार. पण नाव घेतल्याबरोबर फुन्मीच्या आईचा असा आवाज आला, की कुलगुरूंचा हात माझ्या हातात तसाच राहिला आणि ते पण तिकडे बघायला लागले. नंतर त्या मला म्हणाल्या, तुझ्या बापाच्या वाटचं ओरडले, माझ्या मुलीचं वेगळं.

व्हिडिओत बाबा पाठमोरे दिसतात. केस किती पांढरे झालेत गं त्यांचे. मी निघाले तेव्हा एवढे नव्हते. आई रोज व्हिडिओ कॉल करते, पण ते कधी समोर आलेच नाहीत, मग मला कसं कळणार?

मी फोन लावला असता. पण हिंमत होत नाहीये, आणि आधी त्यांनी काहीतरी बोलावं असं पण वाटतंय. मी हट्टी आहे, माहीत आहे.

जागृती

*

शीळ, ८ जानेवारी २०२५

चि. जागृतीस,

बाबाचे आशीर्वाद. ताईकडून तुझा हा पत्ता घेतला. मोबाईलवर मी स्वतः टाईप करतोय, चुका असतील. शाळा सुटल्यापासून पत्र म्हणून काही लिहिलेलं नाही. व्यवहाराचे कागद सोडून.

ताईने तुला सगळं सांगितलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण बरं केलं तिने. माझ्याने झालं नसतं.

तू गेलीस तेव्हा मी एअरपोर्टला नाही आलो. घरातून निघालेलो. ऐरोलीपर्यंत आलो आणि गाडी फिरवली. वाटलं, तिथे तुला बघितलं तर मी तुला जाऊ देणार नाही, नाहीतर सगळ्यांसमोर रडेन. दोन्ही नको होतं. त्यानंतर बोलायचं कसं, ते समजेना. जेवढे दिवस गेले तेवढं अवघड झालं. राग पहिले दोन महिने होता. नंतरची नुसती लाज.

त्या नायजेरियाच्या बाईंना माझा नमस्कार सांग. मे महिन्यात दिपेशची हळद आहे. त्यांना आणि त्यांच्या सगळ्या घरच्यांना बोलावणं आहे. कितीही जण येऊ देत.

दुसरं असं. मैदानातल्या त्या दिवसानंतर राघोकाका घरी आलेले. बसले, चहा घेतला. म्हणाले, "प्रफुल्ल, सुपारीच्या दिवशी मी तुला सगळ्यात जास्त बोललो. पोरीने मला खोटं पाडलं, चांगलं झालं. आता आमच्यासाठी थांबू नको. तुम्ही दोघं जा." आपल्यात असं कुणी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. काकांनी बोलून दाखवलं.

म्हणून पुन्हा अर्ज केलाय. या वेळी फक्त तुझी आई आणि मी. दिपेश फॉर्म भरत होता. एका ठिकाणी विचारलंय, प्रवासाचं कारण काय. दिपेश म्हणाला, "बाबा, समारंभ तर होऊन गेला, आता काय लिहू?" मी म्हटलं, लिही, पोरीला बघायचंय.

तेवढंच लिहिलंय. पुरेल ना?

बाबा